समुद्रतळावरील केबलींचे स्थैर्य आणि नळवाहिन्यांचे गणित

समुद्रतळावर अंथरलेली नळवाहिनी किंवा केबल लाटांच्या व प्रवाहांच्या माऱ्यात जागची हलेल की नाही, हे आधीच ठरविण्याच्या गणिताला तळस्थैर्याचे गणित म्हणता येईल. तेल व वायू वाहून नेणाऱ्या नळवाहिन्यांसाठी हे गणित गेल्या अर्धशतकात सिद्ध झाले व प्रमाणग्रंथांत स्थिरावले. केबलींचे तसे झाले नाही. केबल म्हणजे एक बारीक नळच, असे गृहीत धरून नळवाहिनीचे सूत्र तिला लावण्याचा प्रघात पडला आहे. हा प्रघात कोठवर समर्थनीय आहे आणि कोठे तो फसवा ठरतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूरच्या पठारी मुलखात ह्या प्रश्नाचा ऊहापोह कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु 'स्थिर' ह्या शब्दावर तपासणीवाचून विश्वास ठेवल्याची किंमत ह्या जिल्ह्याइतकी थोड्यांनीच मोजली असेल. १९८४ च्या भारतीय मानकाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंपक्षेत्रात मोडत होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त केली आणि हजारो माणसे दगावली. २००२ मध्ये मानक सुधारले, तेव्हा पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले. नकाशाने जमिनीविषयी जे सांगितले होते ते वस्तुतः त्या काळच्या अपुऱ्या नोंदींविषयी होते. कोष्टकातील शब्द आणि प्रत्यक्ष तळ ह्यांत असे अंतर पडू शकते, हा धडा समुद्रतळालाही लागू आहे. मात्र तेथे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर केबल व नळवाहिनी ह्या दोहोंचा इतिहास शेजारी शेजारी पाहावयास मिळतो, आणि त्यात केबलच वडील आहे. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' ह्या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनकडे तारायंत्राची केबल टाकली व मुंबईचा पश्चिमेशी सागरी तारेने संबंध जुळला. त्या काळी स्थैर्याचे गणित नव्हते. खोल समुद्रात हलकी केबल व किनाऱ्याजवळ जाड चिलखताची केबल, हा अनुभवसिद्ध नियम तेवढा होता. नळवाहिनी आली ती शंभराहून अधिक वर्षांनी. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ मध्ये मुंबई हाय ते उरण अशा, सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या, नळवाहिन्या कामास लागल्या. तेलाच्या नळाचा व्यास ३० इंच व वायूच्या नळाचा २६ इंच. नंतरचे उदाहरण पुन्हा केबलीचे आहे. मुंबई बंदरातील घारापुरी बेटावर २०१८ च्या फेब्रुवारीत सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या सागरी केबलीने वीज पोहोचली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ह्या तीन वस्त्यांना कायमची वीज नव्हती.

ही उदाहरणे एकत्र ठेवण्याचा हेतू एवढाच की, एकाच किनाऱ्यावर, एकाच मोसमी समुद्रात पडलेल्या ह्या वस्तू आकाराने व स्वभावाने किती भिन्न आहेत, हे ध्यानात यावे. तेलाचा नळ म्हणजे काँक्रीटच्या आवरणाने जड केलेली पोलादी पोकळी. केबल म्हणजे तांबे किंवा काचतंतू, त्यांवर विलगक आवरण आणि बाहेरून पोलादी तारांचे चिलखत अशी भरीव, लवचिक दोरी. पहिला पदार्थ पाण्याहून थोडाच जड असतो, दुसरा पुष्कळच जड असतो. तळावरून लाट गेली असता दोघांवर बल पडते, परंतु ते बल पेलण्याची रीत दोघांची एक नाही.

२

नळवाहिन्यांचे गणित कसे घडले हे पाहणे उद्बोधक आहे, कारण त्या इतिहासातच त्याच्या मर्यादांची खूण आहे. मॉरिसन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये लाटेत उभ्या असलेल्या खांबावर किती बल पडते ह्याचे सूत्र मांडले. पाण्याच्या वेगामुळे होणारी ओढ आणि पाण्याच्या त्वरणामुळे येणारे जडत्वाचे बल, अशी त्याची दोन अंगे होती. हेच सूत्र आडव्या नळाला लावण्यात आले. ही पहिली उसनवारी. परंतु आडवा नळ तळाला टेकलेला असतो. त्याच्या वरून पाणी वेगाने जाते, खालून जात नाही, आणि म्हणून त्याला वर उचलणारे बल निर्माण होते. शिवाय लाट उलटली की नळ स्वतःच मागे सोडलेल्या भोवऱ्यांच्या पाण्यात सापडतो. मऊ तळावर तो थोडा रुततो व पुढे मातीची वरंबी तयार होऊन तिचा अडसर मिळतो. ह्या गोष्टी उभ्या खांबाच्या सूत्रात नव्हत्या. त्या १९८० च्या दशकात नॉर्वेतील 'पाइपस्टॅब' प्रकल्पाने व अमेरिकन गॅस असोसिएशनच्या संशोधनाने प्रयोगांती मोजल्या. त्यांच्या आधारे १९८८ मध्ये नॉर्वेच्या 'वेरितास' संस्थेची शिफारस-संहिता निघाली, आणि २००७ मध्ये तिची जागा एफ-१०९ ह्या संहितेने घेतली.

ह्या संहितेचे गुण मान्य केलेच पाहिजेत. तिने तीन वाटा दाखविल्या आहेत. नळ मुळीच हलता कामा नये, अशी पहिली व सर्वांत कडक अट. ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे अर्ध्या व्यासाइतके किंवा दहा व्यासांइतके सरकणे चालेल, असा दुसरा मध्यम मार्ग. आणि संपूर्ण वादळाच्या काळातील नळाची हालचाल क्षणाक्षणाने मोजणारे सविस्तर गणित, ही तिसरी वाट. नळवाहिनीच्या क्षेत्रात हा ग्रंथ अभ्यासपूर्ण, सावध व उपयुक्त आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याचे गुणक नळवाहिनीच्या क्षेत्राबाहेर नेले जातात तेव्हा. खांबाचे सूत्र नळाला लावताना अभियंत्यांनी नवे प्रयोग केले. नळाचे सूत्र केबलीला लावताना मात्र पुष्कळदा केवळ व्यासाचा आकडा बदलला जातो. दुसऱ्या उसनवारीत पहिलीइतकी सचोटी पाळली गेली नाही, असे म्हणावे लागते.

३

व्यासाचा आकडा बदलल्याने काय होते, हे एका साध्या उदाहरणाने दाखविता येईल. काँक्रीटसह ९० सेंटिमीटर व्यासाचा आणि १.३ विशिष्ट गुरुत्वाचा एक नळ घ्यावा. त्याशेजारी १० सेंटिमीटर व्यासाची आणि २.५ विशिष्ट गुरुत्वाची एक केबल घ्यावी. समुद्राच्या पाण्यात नळाचे वजन दर मीटरला सुमारे १,९२० न्यूटन भरते, केबलीचे सुमारे १२० न्यूटन. आता तळावर सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा प्रवाह आहे असे मानू. ओढीचा गुणक १, उचलीचा ०.९ आणि घर्षणाचा ०.६ धरला, तर नळावरील ओढ ४६० न्यूटन येते व त्याचा घर्षणरोध ९०० न्यूटन, नळ स्थिर. केबलीवरील ओढ ५१ न्यूटन येते व तिचा रोध केवळ ४४ न्यूटन, केबल अस्थिर. कारण उघड आहे. ओढ व्यासाच्या प्रमाणात घटते, वजन मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून बारीक वस्तू ह्या गणितात नेहमीच हरते, ती कितीही भरीव असली तरी.

परंतु ह्या निष्कर्षात एक गृहीत दडलेले आहे. प्रवाहाचा वेग तळापाशी सर्वत्र सारखा नसतो. तळाच्या खडबडीतपणामुळे तो खाली मंदावतो. एक मीटर उंचीवर सेकंदाला एक मीटर असलेला वेग रेव-गोट्यांच्या तळावर पहिल्या दहा सेंटिमीटरांत सरासरीने निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारे ०.४८ मीटर होतो; पहिल्या नव्वद सेंटिमीटरांत तो सुमारे ०.८२ मीटर असतो. बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने केबलीवरील ओढ ५१ वरून १२ न्यूटनवर येते, उचलही तेवढ्याच प्रमाणात घटते आणि रोध ६५ न्यूटनवर जातो. नळाच्या बाबतीत रोध ओढीच्या दुपटीऐवजी तिप्पट होतो. केबल मात्र हरणाऱ्या पक्षातून पाचपटीहून अधिक सुरक्षित पक्षात जाते. एकच दुरुस्ती, पण नळासाठी ती तपशिलाची बाब आणि केबलीसाठी ती निकाल फिरविणारी बाब.

स्थिर प्रवाहाच्या बाबतीत ही दुरुस्ती करण्याची सोय संहितेत आहे, हे सांगितले पाहिजे. लाटेच्या बाबतीत मात्र तशी सूट सामान्यतः घेतली जात नाही, कारण लाटेचा सीमास्तर पातळ असतो. दहा सेकंदांच्या आवर्तकालाच्या लाटेखाली, जाड रेव असलेल्या तळावर, तो काही सेंटिमीटर जाडीचा असतो. ९० सेंटिमीटरच्या नळापुढे ही जाडी उपेक्षणीय खरी. १० सेंटिमीटरच्या केबलीपुढे ती उपेक्षणीय कशी मानावी? जे एका वस्तूच्या मापाने नगण्य आहे, ते दुसरीच्या मापाने तिच्याएवढे आहे.

घर्षणाच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी ठळक होते. खडकाळ तळासाठी संहितेत ०.६ हा घर्षणगुणक दिला आहे आणि रुतण्याने मिळणारा अडसर धरलेला नाही. मोठ्या नळासाठी हे योग्यच आहे. तो गोट्यांच्या माथ्यांवर टेकतो, खाली उतरत नाही. केबल मात्र त्याच गोट्यांच्या मधल्या खाचांत बसते. तिला सरकावयाचे तर आपल्याएवढ्याच उंचीच्या दगडावर चढावे लागते, आणि हा चढ घर्षणाच्या कोणत्याही आकड्यात मावत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी खडकाळ तळावरील बारीक नळ व केबली ह्यांच्या आडव्या रोधाचा जो अभ्यास केला, त्याचा रोख हाच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस पेंटलंड फर्थमध्ये, जेथे भरती-ओहोटीचा प्रवाह सेकंदाला चार मीटरांच्याही वर जातो, तेथील मेजेन प्रकल्पाच्या केबली रूढ गणिताने अस्थिर ठरत असूनही प्रत्यक्षात जागच्या जागी राहिल्याचे पाहणीत आढळले. तेथे गणितापेक्षा तळ अधिक जाणता ठरला.

४

आतापर्यंतचा विचार बलांचा झाला. त्याहून मूलभूत आक्षेप स्थैर्याच्या व्याख्येवरच आहे. नळवाहिनी सरकली तर भीती कशाची? ती वाकते, तिच्या भिंतीवर ताण येतो, ती चेपते, जोड उकलतात. ह्या सर्व हानी सरकण्याच्या अंतराशी निगडित आहेत. म्हणून सरकण्याची मर्यादा व्यासाच्या पटीत सांगणे तेथे सयुक्तिक आहे. दहा व्यास म्हणजे वरील नळाच्या बाबतीत नऊ मीटर. हीच मर्यादा केबलीला लावली, तर ती एक मीटर भरते, आणि अर्ध्या व्यासाची मर्यादा पाच सेंटिमीटर. लवचिक दोरीला एक मीटर बाजूस सरकण्याने सहसा कोणतीही इजा होत नाही. ती नव्या जागी तितक्याच सुखाने पडून राहते. पाच सेंटिमीटर सरकली की नाही, हे तर समुद्रावरील नेहमीच्या पाहणीत निश्चित कळतही नाही.

उलट केबलीला खरी हानी करते ती लहानशी, पुन्हापुन्हा होणारी हालचाल. दोन खडकांवर टेकून मधे अधांतरी राहिलेला भाग प्रत्येक लाटेबरोबर दोन-चार सेंटिमीटर मागेपुढे होतो. टेकलेल्या जागी बाहेरचे वेष्टन झिजते, मग चिलखताच्या तारा झिजतात, मग खारे पाणी आत शिरते. दहा सेकंदांची लाट धरली, तर एका दिवसात हे घासणे साडेआठ हजारांहून अधिक वेळा घडते. अर्ध्या व्यासाच्या कडक अटीतही अशी केबल 'स्थिर' ठरेल, आणि तरीही काही मोसमांत निकामी होईल. ह्याचा अर्थ असा की, उसने गणित केबलीला जेथे धोका नाही तेथे अपात्र ठरविते आणि जेथे धोका आहे तेथे पात्र ठरविते. ते केवळ अतिसावध असते तर एक वेळ चालले असते. ते भलत्याच ठिकाणी सावध आहे.

वाळूच्या तळावरही दोघांची गती उलट असते. वादळी लाटांनी वाळू सैल होऊन द्रवासारखी वागू लागली, तर तिचे विशिष्ट गुरुत्व दोनच्या आसपास असते. १.३ विशिष्ट गुरुत्वाचा पुरलेला नळ तीतून वर येऊ पाहतो, आणि २.५ विशिष्ट गुरुत्वाची केबल खाली बुडते. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ह्याचा अर्धा भाग पाहण्यासाठी समुद्र लागत नाही. रिकामी जलवाहिनी चरात ठेवली आणि भराव पक्का होण्यापूर्वी चर पावसाने भरला, तर ती तरंगून वर येते, हे काळ्या जमिनीत काम केलेल्या कोणासही ठाऊक असते. एकाच घटनेने एक वस्तू उघडी पडते व दुसरी अधिक सुरक्षित होते, तेव्हा दोहोंना एका कोष्टकात बसविणे धाडसाचे ठरते.

५

ह्यावर असा प्रतिवाद केला जातो की, संशय आल्यास अधिक सुरक्षिततेकडे झुकावे. केबल अस्थिर ठरली तर तिच्यावर दगड टाकावे, काँक्रीटच्या गाद्या अंथराव्या, ओतीव लोखंडाचे कवच चढवावे, त्यात काय बिघडले? हा प्रतिवाद वरवर निरुत्तर करणारा आहे. परंतु उपाय हेदेखील समुद्रात जाणारे पदार्थ आहेत. जाड चिलखताची किंवा लोखंडी कवचाची केबल अधिक ताठ होते; ताठ केबल खडकाच्या खाचांत बसत नाही, अधिक ठिकाणी अधांतरी राहते, आणि ज्या घासण्यापासून तिला वाचवावयाचे तेच वाढते. काँक्रीटच्या गादीच्या कडेशी वाळू खणली जाते. शिवाय खर्च आहेच, आणि तो कोणाच्या तरी वाट्याला येतो. घारापुरीसारख्या बेटाला वीज मिळण्यास जी दशके लागली, त्यांत खर्चाचा प्रश्न हाच मोठा अडसर होता. गुजरात व तामिळनाडू ह्यांच्या किनाऱ्यांवर मिळून १,००० मेगावॅटच्या सागरी पवनविद्युत् प्रकल्पांसाठी केंद्र शासनाने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केले. धाराशिवच्या बालाघाट डोंगरांवरील पवनचक्क्यांची वीज खांबांवरून जाते. समुद्रातील पवनचक्कीची वीज केबलीवाचून किनाऱ्याला येऊ शकत नाही. तेथे प्रत्येक अनावश्यक गादीची किंमत शेवटी युनिटच्या दरात उतरेल.

तथापि केबलीच्या बाजूने बोलतानाही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. खडक म्हटला की तो खडबडीतच असतो असे नाही. कोकण किनाऱ्यावर लाटांनी कापून सपाट केलेले काळ्या पाषाणाचे कातळ आहेत. त्यांच्या फरशीसारख्या भागांवर केबलीला धरून ठेवणारा गोटा नसतो, आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्यात वेगही मोठा असतो. अशा जागी जुने कडक गणितच खरे ठरण्याचा संभव अधिक. पाव मीटरहून जाड अशा वीजकेबली सपाट वाळूवर नळवाहिनीच्या गणिताला पुष्कळ अंशी मानतात. मुंबईजवळच्या उथळ समुद्रातील गाळात केबल मुळातच रुतते. आणि गजबजलेल्या बंदरात स्थैर्याचा प्रश्न बहुधा गौण होतो, कारण जगभर सागरी केबलींना होणाऱ्या इजांपैकी बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांमुळे व जहाजांच्या नांगरांमुळे होतात. त्यांपासून बचावासाठी केबल पुरावीच लागते आणि पुरलेल्या केबलीला लाटेची ओढ लागत नाही. सारांश, केबल सदैव स्थिर असते असा उलट सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. तिच्या स्थैर्याचा निर्णय तिच्या स्वतःच्या मापाने व्हावा, एवढेच प्रतिपादन आहे.

ह्या प्रतिपादनाचे व्यावहारिक फलित साधे आहे. पहिले, तळाची पाहणी वस्तूच्या व्यासाइतक्या बारकाईने झाली पाहिजे. अर्धा-एक मीटर अंतरावरील बिंदूंचा नकाशा ९० सेंटिमीटरच्या नळाला पुरतो. १० सेंटिमीटरच्या केबलीला तो आंधळा असतो. दुसरे, केबलीच्या बाबतीत सरकण्याच्या अंतराऐवजी घासण्याच्या आवर्तनांची मोजणी हा कसोटीचा पाया असावा. तिसरे, घर्षणाचा आकडा कोष्टकातून न घेता त्या तळाच्या दगडांवर प्रत्यक्ष मोजला जावा. ह्या तिसऱ्या कामास समुद्रकिनारा लागत नाही. तेरणा व मांजरा ह्यांच्या पात्रांतील गोटे ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, त्याच पाषाणाचे घारापुरीचे बेट आहे. असे गोटे पसरलेली एक फळी हळूहळू कलती करीत नेली आणि केबलीचा तुकडा कोणत्या कोनाला निसटतो हे गोट्यांचा आकार बदलून नोंदविले, तर खडकाळ तळावरील रोधाचे प्राथमिक आकडे पदव्युत्तर प्रयोगशाळेतही हाती येतील.

स्थैर्य हा वस्तूचा अंगभूत गुण नव्हे. तो वस्तू, पाणी व तळ ह्या तिघांमधील संबंध आहे. तिघांपैकी एक बदलले की जुना निर्णय आपोआप रद्द होतो, मग तो कितीही प्रतिष्ठित ग्रंथात छापलेला असो. नळवाहिनीच्या अभियंत्यांनी खांबाचे सूत्र घेताना हे ओळखले आणि नव्याने मोजमाप केले. त्यांच्या ग्रंथाचा खरा वारसा त्यातील आकड्यांत नसून त्या मोजमापात आहे. किल्लारीनंतर भूकंपाचा नकाशा सुधारला, परंतु तो सुधारण्याचे कारण हजारो माणसांच्या मृत्यूच्या रूपाने यावे लागले. केबलीचा प्रश्न इतका प्राणघातक नाही. म्हणूनच तो अपघाताची वाट न पाहता, शांतपणे व वेळेवर, मोजून सोडविता येण्यासारखा आहे.